सोनवणे सरांची बुचं

सोनवणे सरांना पोहता येत नाही. ही गोष्ट त्यांनी मला स्वतःच्या शिडाच्या बोटीत बसवून, किनारा चांगला लांब गेल्यावर सांगितली. वर म्हणाले, "घाबरू नका ताई, बोटीला येतं."

माणूस मूळचा मनमाडचा. नळाला पाणी आलं तर गल्लीभर बातमी व्हायची, अशा दिवसांत वाढलेला. म्युनिकमध्ये आम्ही एकाच ऑफिसात गिअरबॉक्स डिझाइन करायचो. तिथे या गृहस्थाने एक जुनी कॅटामरान विकत घेतली. म्हणजे दोन लांबट, पोकळ होड्या शेजारी-शेजारी आणि मध्ये ताणलेली जाळी. त्या जाळीवर बसायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. तळ्याचं नाव आमरझे. सर त्याला सरळ आमरस म्हणत. "रविवारी आमरसाला येता का?" असं त्यांनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा मी सकाळचा नाश्ता टाळून गेले होते.

आता पुण्यात ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की मला सर हटकून आठवतात. कारण तिकडे ऑक्टोबर संपत आला की त्यांच्या अंगात यायचं. बोट काठावर ओढून थंडीसाठी झाकून ठेवायची असे. शीड धुऊन वाळवायचं, डोलकाठी उतरवायची, प्रत्येक दोराला नावाची चिठ्ठी बांधायची. दोर धुणं माझ्याकडे. "सर, एवढी उस्तवार मी सासूबाईंचीसुद्धा केली नाही," मी म्हणायचे.

"गेनाऊ, अगदी बरोबर. त्या नुसत्या रुसतात. ही तडकते."

सगळ्यात शेवटी दोन्ही होड्यांची मागची बुचं काढायची आणि ती वसंत येईपर्यंत उघडीच ठेवायची. आत पाणी राहून गोठलं, तर होडी फुटते.

एका वर्षी बोट झाकून आठवडाही झाला नव्हता. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक नळ टपकत होता. दिसला नळ की बंद कर, ही सरांची सवय. दुसरं कुणी हात धूत असलं तरी मध्येच पिळायचे. तो नळही त्यांनी पिळला आणि तिथेच उभे राहिले.

"ताई, मी बुचं परत बसवली."

"काय?"

"रविवारी. पाणी वाहत होतं हो. हात आपोआप गेला."

त्या रात्री पारा उणे आठवर जाणार होता. जेवण तसंच टाकून आम्ही माझ्या गाडीने निघालो. दुपारची माझी मीटिंग बुडाली होती, त्यामुळे मी वैतागलेलेच होते. "फुटली तर फुटली, सर. वर्षातून कितीदा चालवता तुम्ही ती?"

"आता एकदाच. सई आली की."

सई त्यांची एकुलती एक मुलगी. ती शाळेत असतानाच आई गेली. आता हॅम्बुर्गला नोकरी करते. मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते.

"बोट मी तिला मराठीत शिकवली," सर समोर बघत म्हणाले. "ओढ, सोड, सरक. मला जर्मन शब्द माहीतच नव्हते. अजून त्या जाळीवर बसली ना ताई, की मराठी बोलते. शिडाखालची आडवी काठी फिरली की ओरडते, 'बाबा, डोकं खाली.' काठावर उतरली की परत मी पापा."

मला माझीच लाज वाटली. मी गाडी डावीकडच्या, वेगाच्या लेनमध्ये घातली.

तळ्यावर आम्ही ताडपत्री वर केली. पहिलं बूच मीच काढलं. भळाभळा पाणी आलं. दुसऱ्या होडीतून मात्र थेंब नाही. सर गवतात बसून बुचाच्या भोकात डोकावले. मी पुढचं टोक दोन्ही हातांनी उचललं, तेव्हा आतून काहीतरी खुळखुळलं, आणि बर्फाच्या पातळ कपच्यांसकट पाणी सुटलं. सरांनी होडीवरून तळहात फिरवून इंच न् इंच तपासला. कुठेही तडा नव्हता.

ओल्या गवतात बसूनच त्यांनी सईला फोन लावला, स्पीकरवर. सगळी हकीकत सांगितली, माझ्या ड्रायव्हिंगसकट. मग आवाज बारीक करून विचारलं, "मे महिन्यात येशील ना गं?"

"या, पापा. या, या." तिकडून घाईघाईत आलं, आणि फोन बंद झाला.

सर माझ्याकडे वळले. "या म्हणजे हो बरं का, ताई. मला या म्हणत नाहीये ती. ती स्वतः येते म्हणतेय."

नऊ वर्षं म्युनिकमध्ये काढलेली मी. पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं म्हणाले, "हो का?"