तळ्याकाठची गादी

मानोजी अण्णा मासे धरायला बसताना चप्पल काढतात. पाण्यात उतरायचं म्हणून नव्हे, पाण्यात ते कधीच उतरत नाहीत. होसकोट्याच्या अलीकडे एक तळं आहे. एप्रिलच्या भर बारा वाजता, त्याच्या भेगाळलेल्या काठावर अण्णा धुतलेली पांढरी चादर अंथरतात, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवतात, चप्पल बाहेर जोडीनं लावतात आणि आत येऊन मांडी घालतात. "आत" हा शब्द त्यांचाच. भिंत नाही, छप्पर नाही, एक बाभूळ सोडली तर सावली नाही. पण चादरीवर "आत" आणि बाकी सगळं जग "बाहेर". कुणी गप्पा मारायला आला आणि त्याचा पाय चादरीला लागला की अण्णा हातातला गळ विसरून म्हणतात, "चप्पल, चप्पल." मेंढ्यांना तेवढी सूट आहे.

या वेडाचं कारण सरळ आहे. अण्णांनी अडतीस वर्षं चिकपेटेच्या कापडबाजारात साड्या विकल्या. पांढऱ्या गादीवर बसून, पांढरा शर्ट घालून, समोर बसलेल्या बायकांपुढे घडीमागून घडी उलगडून. दुकान सुटलं, गादी सुटली नाही. मासे धरायलाही ते इस्त्रीचा शर्ट घालून येतात.

मी त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहते. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलं. घरात मराठी बोलतात, पण वाचतात कन्नड. मी पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आले आणि आल्याआल्या इथल्या तळ्यांची चाललेली लूट बघून पेटून उठले. मी आणि इथले दोघं सोबती, असे तिघंजण मिळून पत्रकं काढतो. इथल्या मराठी घरांसाठीची मराठी पत्रकं माझ्याकडे. प्रत्येक पत्रक मी अण्णांना न चुकता देते. ते उजेडासमोर धरतात, आरपार बघतात आणि म्हणतात, "कागद चांगला आहे मा." साडीत कुठं सूत तुटलंय का ते असंच बघत असणार. मला ते नावानं हाक मारत नाहीत. "काय पत्रक, जेवलीस का?" असं विचारतात.

दर रविवारी मी त्यांच्याबरोबर बसनं तळ्यावर जाते. मी पाण्याची पातळी, पक्षी, कुठं कुणी राडारोडा टाकलाय ते वहीत टिपते. अण्णा दुकान उघडतात.

दुकानच म्हणायचं, कारण त्यांना मासे धरण्याची दुसरी रीत ठाऊक नाही. माशाला ते "गिऱ्हाईक" म्हणतात आणि आमिषाला "माल". डब्यात चार तऱ्हेचा माल असतो: नाचणीच्या उकडीच्या गोळ्या, भिजवलेली कणीक, गांडुळं आणि उकडलेल्या बटाट्याचे तुकडे. आधी नाचणी दाखवायची. दहा मिनिटांत गिऱ्हाईक आलं नाही की काठी उचलून दुसरा माल. "आवडलं नाही? सरी, राहू द्या. हे बघा." पाण्याकडे बघून ते इतकं अदबीनं बोलतात की मला पाण्यात कुणीतरी मावशी नाक मुरडून बसलीये असं वाटतं. गळाच्या दोरीला बांधलेला मोरपिसाच्या देठाचा तुकडा पाण्यावर तरंगत असतो. तो हलला की मी ओरडते, "ओढा, अण्णा."

"सुम्ने बस गं," ते हळूच म्हणतात. "पदर हातात घेतलाय तिनं. आता आपण गप राहायचं. घाई केली की उठून समोरच्या दुकानात जातात."

बहुतेक वेळा गिऱ्हाईक माल खाऊन निघून जातं. अण्णांना त्याचं काही वाटत नाही. "बघून गेली. परत येईल."

दिवसभरात दोन, फार तर तीन मासे मिळतात. आलेला मासा ते वितीनं मोजतात. वितीपेक्षा लहान असला तर पाण्यात परत. "लहान मुलांचा विभाग वरच्या मजल्यावर," असं त्याला सांगून. काठाजवळच्या उथळ पाण्यात या माशांनी तळाशी ताटाएवढी गोल घरटी केलेली असतात. तिकडे अण्णा काठी वळवतसुद्धा नाहीत. यांची मादी पिल्लं तोंडात सांभाळते, तोवर काही खात नाही. "ती गिऱ्हाईक नाही," अण्णा म्हणतात. "बाळंतीण आहे."

हा मासा म्हणजे तिलापिया. इथं त्याला जिलेबी म्हणतात. आता मला गप्प बसणं जमत नाही, म्हणून एका रविवारी मी अण्णांना सुनावलं की हा मासा इथला नाही, तो परदेशातून आणून सोडलाय, इथल्या माशांचं अन्न तो खातो, जागा तो घेतो, आणि याचा निषेध झाला पाहिजे.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "आम्ही पण बाहेरूनच आलो मा," ते म्हणाले. "अजून कुणी पत्रक काढलं नाही."

त्या दिवशी मी वहीत काही लिहिलं नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. चादर चांगली दोघांना पुरेल एवढी. अण्णा नेहमी डाव्या अर्ध्यावर बसायचे. उजवा अर्धा मोकळा. मधूनमधून त्यावरची माती हातानं झटकायचे, सुरकुती काढायचे. पहिल्याच रविवारी मी रीतसर चप्पल काढून तिथं बसायला गेले, तर म्हणाले, "तिकडं नको मा. तो दगड बघ, सावलीत आहे." मी अपमान गिळला आणि बाभळीखालच्या दगडावर बसले. चप्पल घालून. त्यानंतर दोन उन्हाळे मी त्या दगडावर काढले, चप्पल घालूनच. निषेध कसा करायचा ते मला कळतं.

या मार्चमध्ये तळं आटून निम्म्यावर आलं आणि कोरड्या भागात चुना फासलेले दगड उभे राहिले. ओळीनं, चौकोनात. ते आम्ही तिघांनी नाही बघितले, अण्णांनी बघितले. "तळ्यात साइट पाडल्यात," त्यांनी मला जिन्यावर गाठून सांगितलं. साइट म्हणजे घरं बांधायचे प्लॉट.

आम्ही लगेच कन्नडमध्ये अर्ज तयार केला. पाच मागण्या. दगड काढा, हद्द मोजा, राडारोडा थांबवा, कुंपण घाला. हे सगळं ठीक होतं. चौथ्या क्रमांकावर मात्र मी लिहिलं, "तळ्यावर मासेमारीस पूर्ण बंदी घाला." कसं लिहिलं तेही सांगते: चहा पिता पिता, तीन मिनिटांत, फार जोरात. बंदी या शब्दानं अर्जाला वजन येतं असं मला वाटायचं. सोबतच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

पुढे अडलं. तळ्याकाठच्या गावातली माणसं आम्हाला ओळखत नव्हती, अनोळखी माणसांच्या कागदावर सही करायला कोण तयार होणार? एक म्हातारा म्हणाला, "आधी साडीवाल्या अण्णांची सही आणा. मग आम्ही करतो."

तेव्हा कुठं मला चौथा क्रमांक आठवला.

रविवारी मी अर्ज घेऊन गेले. दगडावर बसून तासभर वही चाळली. अण्णांपुढे विषय काढायची मला हिंमत होईना, आणि मी कलेक्टरच्या कचेरीत टेबलावर हात आपटून बोललेली मुलगी आहे. शेवटी कागद पुढे केला. त्यांनी सवयीनं तो उजेडासमोर धरला. मी वाट बघत राहिले की आता म्हणतील, कागद चांगला आहे. पण या वेळी अक्षरं त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला घेतलं. बोट चौथ्या क्रमांकावर थांबलं. पुढे गेलं. मग त्यांनी पेन मागितलं आणि डब्याच्या झाकणावर कागद ठेवून सही केली.

"चौथं वाचलंत ना?" मी विचारलं.

"वाचलं की."

"मग?"

"साडी चांगली आहे. काठाला एक गाठ आहे. गाठीसाठी कुणी साडी परत करतं काय?"

"पण अण्णा, तुमचे रविवार?"

"मला कुठं मासे धरता येतात मा? दोन वर्षं बघतेस. माझी बायको, रत्नाक्का, ती धरायची. या गावची ना ती. तासाभरात बादली भरायची. मला आठवड्यात एक दिवस सुट्टी. शर्ट घालून यायचो, चादर घालायचो, इथं बसायचो. ती तिथं." त्यांनी उजव्या अर्ध्याकडे मान हलवली. "ती गेली, मग काठी कोण धरणार? शिकवलं नव्हतं तिनं. मला येतं ते एकच काम. तसंच करत बसतो." मग म्हणाले, "बंदी झाली तर नुसता बसेन. आधी तेच करत होतो. तळं पाहिजे मात्र. साइटीत चादर कुठं घालू?"

तळ्यावर दर रविवारी न चुकता हजर राहणारा एकच माणूस होता, दगड पहिल्यांदा त्यानं पाहिले, आणि तळं वाचवायला निघालेले आम्ही आधी त्यालाच तिथून उठवत होतो.

मी अर्ज मागून घेतला आणि चौथ्या क्रमांकावर आडवी रेघ मारली. चांगली जाड.

"खाडाखोड केलीस," अण्णा म्हणाले. "तिथं तुझी सही पाहिजे."

"करते."

"माझी पण."

दोघांनी केल्या. पाण्यावरचा मोरपिसाचा तुकडा तेवढ्यात दोनदा बुडून वर आला. अण्णांनी तिकडे बघितलं नाही. मालाचा डबा त्यांनी उचलून मागे ठेवला, तळहातानं चादरीच्या उजव्या अर्ध्यावरची सुरकुती काढली, आणि पुन्हा एकदा काढली.

"दगडावर किती वेळ बसशील," ते म्हणाले. "चप्पल काढ आणि आत ये."

मी चप्पल काढली. त्यांच्या जोडीशेजारी, बाहेर, नीट लावून ठेवली.