दहा फुटांवरचे हिरासिंगजी

हिरासिंगजी कोणाचाही फोटो काढण्याआधी त्याच्या पोटाला टेप लावत. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालेलं, आणि मुकुटबनच्या लाकूड डेपोत आम्ही दोघे कारकून. सागाचे ओंडके मोजायची टेप त्यांच्या खिशात कायम. तिचं एक टोक समोरच्याला बेंबीवर दाबून धरायला सांगायचं आणि दुसरं घेऊन आपण मागे मागे सरकायचं, बरोबर दहा फूट. एकदा साहेबांना मोजता मोजता ते नाल्यात गेले. नाल्यातूनच ओरडले, "साहेब, हालू नका! नऊ फूट झाले!"

त्यांचा कॅमेरा म्हणजे एक काळा डबा. दहा फुटांच्या आतलं त्याला धूसर दिसायचं, फार लांबचं मुंगीएवढं, आणि ऊन नसलं तर काहीच नाही. वर टिकलीएवढी काच. डबा छातीशी धरायचा आणि मान खाली घालून तिच्यात बघायचं. असा हा डबा घेऊन, रजा काढकाढून, त्यांनी अर्धा मुलूख पालथा घातला. अजिंठ्याच्या लेण्यांतून आठ फोटो आले, आठही अमावास्या. आग्र्याच्या फोटोत पांढरा ठिपका तो ताजमहाल, आणि त्याच्या दुप्पट मोठं जे काही होतं ते हिरासिंगजींचं बोट.

"कशाला ही वणवण?" मी विचारलं.

"सराव करून राह्यलो, भाऊ. मले एकच फोटो काढाचा हाये. माह्या याडीचा."

याडी म्हणजे आई. बंजाऱ्यांच्या तांड्यावर राहायची. लहानपणी मिठाच्या गोण्या वाहणाऱ्या बैलांमागे तिने कुठला कुठला मुलूख पायी तुडवला होता. पण तिचा एकही फोटो कोणी काढलेला नव्हता. हात बसल्याशिवाय याडीवर डबा रोखायचा नाही, असा चिरंजीवांचा निश्चय. चार वर्षं सरावच चालला. मग तिने अंथरूण धरलं, आणि एका सकाळी हिरासिंगजी मला म्हणाले, "चला भाऊ. आता हात बसो का न बसो."

मला कशाला नेलं? टेपचं टोक धरायला.

खाट अंगणात उन्हात आणली, म्हातारीला उशीला टेकवून बसवलं. मी टोक धरलं, ते दहा फुटांवर गेले. आणि नेमका इथे माझ्यातला शहाणा जागा झाला. मी जन्मात कॅमेऱ्याला हात लावला नव्हता, त्यामुळे माझी मतं अगदी पक्की होती.

"अहो, ती तुमची आई आहे, ओंडका नाही! जवळ या. चेहरा यायला नको का?"

"डब्याले जवळचं दिसत नाही, भाऊ."

"डब्याचं काय ऐकता? माझं ऐका!"

त्यांनी ऐकलं. टेप सोडून दिली आणि तीन फुटांवर गुडघे टेकून बसले.

"अरे, थो डबा ठेव ना खाली," म्हातारी म्हणाली. "माह्याकडे पाह्य."

"पाहूनच तं राह्यलो, याडी," ते डब्यात मान घालून म्हणाले. रोलमधले आठही फोटो त्यांनी तसेच काढले.

रोल धुवायला यवतमाळला गेला. तो परत यायच्या आत म्हातारी गेली.

फोटो आले. आठांतही मागचं कुडाचं दार, त्याची कडी, कडीतला दोरा लख्ख. पुढे ओढणीच्या आरशांचा चकचकाट, आणि चेहरा असायला हवा तिथे नुसतं धुकं.

माफीचं भाषण मी पाठ करून गेलो. हिरासिंगजी डेपोत एका ओंडक्यावर बसले होते. त्यांनी मला सुरूच करू दिलं नाही.

"भाऊ, मी तं डब्यात पाहून राह्यलो होतो. तुमी मोकळे होते. कशी दिसत होती याडी?"

खरं सांगतो, त्या वेळी मी अंगणात टेप चघळणाऱ्या शेळीकडे बघत होतो.

"हसत होती," मी म्हणालो.

"दात दिसले?"

"दिसले की. छान पांढरेशुभ्र."



"तिले दात कुठं होते, भाऊ," ते म्हणाले. मग जरा सरकून त्यांनी ओंडक्यावर मला जागा केली. "पन सांगा. आनखी सांगा."