संघाच्या संगणकातले बुडबुडे

“हवा निघाली की झाकण बंद करा, आणि मग त्याला एकटं सोडा,” असं नागपूरचा इंजिनियर यंत्र बसवून जाताना बजावून गेला. आवाज अजून कानात आहे. माणूस हुशार होता. पण घरी आलेल्याला एकटं सोडायची आपल्याकडे रीत नाही, हे त्याला कोणी शिकवलं नसावं.

सन १९८६ मध्ये लाखनीजवळच्या आमच्या धान खरेदी संघात संगणक आला. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा कचेरीनं काढून टाकलेला, पाण्यानं थंड होणारा. पाठीमागे टाकी, टाकीतून नळ्या. नळ्यांत पाणी फिरलं की यंत्र थंड. बुडबुडे शिरले की पाणी अडे, यंत्र तापे, लाल दिवा लागे आणि खरेदी थांबे. (काटा होता. पण संगणकाची चिठ्ठी नसलेलं वजन हे वजन नव्हे, असा ठराव झाला होता.)

एवढं मोलाचं यंत्र पारोसं चालू करणं कोणालाच पटेना. म्हणून सचिव भय्याजी रोज आंघोळ करून येत, झाकण उघडत आणि उंचावरून तांब्याची धार धरत. मंत्र मी म्हणे. माझा पूजेचा नेम तसाही चुकत नाही. पाणी कसं छान फेसाळायचं! तासाभरात लाल दिवा.

मग बुडबुडे निर्मूलन समिती बसे. नळ्यांना थापट्या मारणे, यंत्र एका अंगावर कलंडवणे, पंप बंद करून पुन्हा चालू करणे, असे शास्त्रीय उपाय होत. संध्याकाळपर्यंत साठ टक्के बुडबुडे निघत. उरलेले चाळीस टक्के सकाळी अभिषेकानंतर पुन्हा शंभर भरत. समितीनं गंभीर विचार करून तांब्याऐवजी कळशी मंजूर केली.

अशात कुंताबाईची गाडी आवारात लागली. पोती उघड्यावर, वर आभाळ भरलेलं. भिजलेलं धान संघ घेत नसे, आणि तिचं वर्षाचं पीक तेवढंच.

“काहो भय्याजी, माह्या धानाले मोड येतीन, आन तुमी बुडबुडेच पाहून राहिले?”

“बाई, धान तुह्या एकटीचं हाय. बुडबुडे साऱ्या संघाचे हायेत.”

“मंग साऱ्या संघाले म्हणा, या बसा माह्या पोत्यांवर, पानी आलं तं!”

भय्याजी चिडले नाहीत. (पदावर असताना ते चिडत नसत.) कुंताबाई संगणकापुढे गेली, पदर पसरून पुटपुटली, “बाप्पा, माहं धान कोरडं घे. पाच घागरी पानी वाहीन तुले.”

दुसऱ्याच दिवशी भय्याजींसह समिती बुडबुड्यांच्या प्रशिक्षणाला नागपूरला गेली. खोलीला कुलूप. अभिषेकाचा अधिकार सचिवांचा, म्हणून मी बाहेरूनच हात जोडले. मंडळी प्रमाणपत्रं घेऊन परतली तेव्हा नळ्यांत औषधालाही बुडबुडा नव्हता. प्रशिक्षणाचा गुण यंत्राला नागपुरातूनच लागला, हे समितीनं नम्रपणे मान्य केलं.

उशीर झालेला, म्हणून अभिषेकाविनाच बटण दाबलं. कुंताबाईचं धान मोजलं, चिठ्ठी निघाली, पोती गोदामात गेली. तिचे डोळे भरून आले.

तिच्यामागे गोमाजीची गाडी होती, फाटक्या ताडपत्रीची. आभाळ आता गुरगुरत होतं.

वाचकहो, तुम्ही हसत असाल. पण तुमचं धान कोरडं आत गेलं असतं, तर मागच्या गाडीकडे पाहून तुम्ही नवस बुडवला असता? देवाला साक्ष ठेवून सांगा.

गोमाजीनं स्वतः तिच्या डोक्यावर पहिली घागर चढवून दिली. कुंताबाई हळूच उंबरा ओलांडून आत गेली.