किरणचं बैंगन

योगराज नानांच्या लेकीचं, दिपमालाचं लग्न झालं ते २०२२ साल. तिला धुळ्याला दिली. मुलगा किरण कॅनडाहून लग्नाला येऊ शकला नाही, म्हणून तो दर रविवारी फोन करी. बोदवडच्या घरात नाना आणि त्यांची बायको पुष्पाबाई दोघंच उरले होते. चातुर्मास चालू होता. घरात वांगं बंद होतं आणि ते चंपाषष्ठीला सुटायचं होतं. नाना भरताचे वेडे. त्यांनी चार महिने कसेबसे दुधीवर काढले होते.

असाच एकदा किरणचा फोन आला. आवाज तुटत होता.

"नाना, सकाळी बेकन नसलं तर माझा दिवसच उजाडत नाही!"

"काय नसलं तं? बैंगन?"

"हो, हो, बेकन! धुरावर भाजलेलं असतं. पातळ काप करायचे नि तव्यावर टाकायचे. नुसता वास आला तरी भूक लागते."

नानांच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी हाच पोरगा वांग्याची फोड ताटाबाहेर काढून ठेवायचा. तिथे खोलीत हिंदी बोलणारी पोरं आहेत, म्हणून वांग्याला बैंगन म्हणायला लागला, एवढंच. भाजीवाला शकीलसुद्धा बैंगनच म्हणतो. नाना गल्लीभर सांगत सुटले, "पोऱ्या सातासमुद्रापार गेला, पन वांगं नाही सुटलं!"

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन आला. या वेळी तो पुष्पाबाईंनी उचलला.

"आई, डॉक्टरांनी बेकन कमी करायला सांगितलंय. कोलेस्टेरॉल वाढलंय. त्यात मीठ फार, त्याने ब्लडप्रेशर वाढतं. आणि रोज खाल्लं तर आतड्याचा कॅन्सरही होऊ शकतो म्हणे."

 दुसऱ्या दिवशी पुष्पाबाईंनी खंडोबाच्या नैवेद्याला भरीत केलं, कांद्याची पात घातली, देवापुढे ठेवलं आणि ताट उचलून थेट गाईला घातलं.

"अवं, मले?" नाना पाटावरून अर्धवट उठले.

"देवाले काही होत नाही. तुम्ही हात नका लावू."

"साठ वर्सं खाल्लं, काय झालं मले?"

"तेच तं! साठ वर्सांचं साचलं असंन आतमंधी."

 नानांना स्वतःचं आतडं आठवायला लागलं. संध्याकाळी ते किराणा दुकानदार सुभाषचंद शेठकडे गेले. शेठ जैन. त्यांनी जन्मात वांगं खाल्लेलं नव्हतं.

"नाना, आमी तं पैलेपासून सांगतो, वांग्यात बिया किती! आमच्या मुनीमहाराजांना जे ठाऊक होतं, ते कॅनडाच्या डॉक्टरला आत्ता समजलं."

शेठ दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगू लागले. आठ दिवसांत गल्लीतलं वांगं बंद झालं. शकील गाडी घेऊन नानांच्या दारात उभा राहिला. "नाना, तुमचा पोरगा तिकडे आजारी पडला, पन माझ्या बैंगनानं काय बिघडवलं?"

 शेवटी नाना एसटीने धुळ्याला गेले आणि दिपमालाला घेऊन डॉक्टरकडे जाऊन बसले. डॉक्टरांनी नाडी बघितली, रक्त तपासलं आणि हसून म्हणाले, "नाना, बठ्ठं बरं शे तुमनं, सगळं नॉर्मल. वांगं खा. तेल तेवढं बेतानं."

"पन तिथला डॉक्टर म्हन्तो खाऊ नका."

"कुठला?"

"कॅनडाचा."

डॉक्टरही विचारात पडले. "तिथलं वांगं वेगळं असेल," ते म्हणाले.

दिपमालाने घरी येताच भावाला व्हिडिओ कॉल लावला. "दादा, तुझं ते बैंगन दाखव बरं."

किरणने फ्रिज उघडून एक पाकीट पुढे धरलं. आत गुलाबी-पांढऱ्या पट्ट्या होत्या. "आता आठवड्यातून एकदाच खातो गं. पण सोडवत नाही!"

"हे वांगं?" नाना स्क्रीनजवळ गेले. "साल काढेल दिसतं."

"वांगं कुठलं, नाना? बेकन. डुकराचं मांस!"

 मग नानांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हंजे... वांग्याचा काही गुन्हा नाही?"

"नाना! दादा डुक्कर खातो आणि तुम्हाला वांग्याचं पडलंय?"

नाना आनंदाने पिशवी उचलून एसटी स्टँडकडे निघाले, आणि उंबऱ्यातच थांबले. वांगं सोडवायचं तर पुष्पाबाईंना खरं सांगावं लागणार. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. शिवाय किरणसाठी शिरपूरचं स्थळ चालून आलेलं, तीही मंडळी माळकरी. नानांनी पिशवी खाली ठेवली.

"माय, वांग्याचीच बदनामी होऊ दे," ते म्हणाले. "त्याले लगीन नाही करायचं."

मग खाली मान घालून त्यांनी विचारलं, "तुह्या घरी भरताचं वांगं असंन का एखांदं?"

तेव्हापासून नाना दर महिन्याला तपासणीसाठी धुळ्याला जाऊ लागले. परत आले की त्यांच्या चेहऱ्यावर तेज दिसे. सुभाषचंद शेठ गिऱ्हाइकांना दाखवत, "बघा, वांगं सोडलं की मानूस कसा होतो!" पुष्पाबाई समाधानाने दुधी चिरत. किरणचं लग्न शिरपूरलाच झालं.

एका तपासणीला नाना गेले ते परतले नाहीत. दुपारी पोटभर जेवले, जरा पडतो म्हणाले आणि झोपेतच गेले. जेवायला काय होतं, हे दिपमालाने बोदवडला कुणाला सांगितलेलं नाही.

योगराज नाना २०२५ च्या जानेवारीत, भोगीच्या दिवशी वारले.