आजोबांच्या घड्याळाचं झाकण

नाहूरच्या दहावीतल्या संघमित्राने शिक्षक दिनाला साडी नेसली, चष्मा लावला आणि कडक बाई दिसायला आजोबांचं जुनं चावीचं घड्याळ न विचारता मनगटावर चढवलं. नववी ब टरकली. तास संपल्यावर या एका दिवसाच्या बाईंनी हातावरचा खडू धुतला, भरपूर पाण्याने, आणि घड्याळाच्या काचेच्या आत धुकं पडलं.

आजोबा रोज संध्याकाळी सहाला त्याला चावी देत. ती घरी पोचली तेव्हा पाच वाजले होते.

"मिथुनदादा, वाट लागली! मागचं झाकण उघडून वाळवायला हवं. दुकानात नेऊ?"

"नको!" मिथुन केवढ्याने ओरडला. "तो घड्याळवाला आजोबांना सांगेल."

"तुला काय माहीत?"

"अंदाज गं! दे इकडे. इंजिनियरिंगला आहे मी."

इंजिनियरने झाकण डावीकडे फिरवलं. मग उजवीकडे. मग भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून फिरवलं. संघमित्राने घड्याळ धरलं, मिथुनने झाकण धरलं आणि दोघं मिळून हॉलभर गोल फिरली. झाकण जागचं हललं नाही, मिथुनला मात्र चक्कर आली.

ही धडपड ऐकून शेजारच्या मंजुळामावशी आल्या. भांडुपच्या बाजारात त्या मासळी विकायच्या.

"काय गो पोरी, भूकंप करताव काय?"

"मावशी, हे फिरतच नाही!"

"फिरंल कशाला? कालवं काय फिरवून उघडतान?" मावशींनी झाकणाच्या कडेवरून नख फिरवलं. एका जागी बारीकशी खाच लागली. त्यांनी हातातल्या, शिंपल्यातली कालवं सोलायच्या सुरीचं टोक तिथे टेकवलं. टक्! "झाला. माझा भात करपंल," म्हणून त्या गेल्यासुद्धा.

झाकणाच्या आतल्या बाजूला घड्याळवाल्याने दर दुरुस्तीची नोंद सुईने कोरून ठेवली होती. संघमित्राने ते उजेडात धरलं.

'अंबादास, १९९७, पाणी.'

"बाबा?"

'नंदा, २००८, पाणी.' त्याखाली, 'मिथुन, २०१९, पाणी.'

"अंदाज काय रे, दादा?"

मिथुनने मोजे काढून त्यांची व्यवस्थित घडी घातली.

तेवढ्यात आई कामावरून आली. टेबलावर उघडं घड्याळ बघून तिने दारातूनच सुरू केलं, "संघमित्रा! हात कसा लावलास तू? आजोबांना कळलं तर—"

"आई, दोन हजार आठमध्ये काय झालं होतं गं?" संघमित्राने झाकण तिच्यापुढे धरलं.

आईने स्वतःचं नाव वाचलं. दार लोटलं. मग अगदी हळू म्हणाली, "हेअर ड्रायर आण. गार हवेवर ठेव."

दहा मिनिटांत धुकं गेलं. खाली गेटवर वॉचमनला केलेला आजोबांचा खणखणीत 'जयभीम' ऐकू आला.

"झाकण लाव, लवकर!" मिथुन म्हणाला. पण संघमित्राने कंपासपेटीतून कर्कटक काढलं होतं.

"अगं, काय करतेस?"

"नोंद! नियम म्हणजे नियम."

आईने एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा झाकणाकडे. "बारीक लिही मग. मिथुनची बायको यायचीय अजून."

तिचं कोरून होताच मिथुनने लाजेने की रागाने, दोन्ही अंगठ्यांनी एवढा जोर लावला की झाकण एका दमात बसलं. दारात आजोबा चप्पल काढत होते.