पांढरे जोडे आणि हिरवी हरळी

"ईस्टरपर्यंत हिरवं होईल म्हणाला होतास ना?" लुएलाने खिडकीचा पडदा सोडून दिला. "हे तर गोणपाट अंथरल्यासारखं दिसतंय!"

व्हर्नन लेडबेटरने कॉफीच्या कपात तोंड लपवलं. ईस्टर यंदा मार्चातच येऊन टपकला होता, आणि जॉर्जियातली हरळी एकदा थंडीत झोपली की जमीन तापल्याशिवाय डोळा उघडत नाही. शहाणे लोक पानगळीतच तिच्यावर थंडीचं राय गवत पेरून मोकळे होतात. पण व्हर्ननचा हरळीवर जीव. "तिच्या उरावर सवत आणू?" म्हणून त्याने बियाणं परत केलं होतं.

उद्या चर्चच्या मुलांचा, गवतात लपवलेली ईस्टरची रंगीत अंडी शोधण्याचा खेळ त्याच्या अंगणात होता. दर वर्षी तो शेजारच्या रॉइस टिडवेलकडे व्हायचा. यंदा लुएलाने पास्टरांचा पिच्छा पुरवून तो मान मिळवला होता आणि गावभर सांगितलंही होतं. आता अंगण पिवळं राहिलं तर चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा नव्हती.

कुंपणापलीकडे रॉइसचं अंगण मात्र हिरवंगार. तीही हरळीच! व्हर्नन रोज सकाळी ते बघत उभा राहायचा आणि नकळत टोपी काढायचा. या माणसाच्या हाताला काय गुण आहे, देव जाणे!

लुएला चर्चमध्ये फुलं रचायला गेली तसा व्हर्ननने गवताला मारायचा हिरवा रंग आणला. असा रंग दुकानात सर्रास मिळतो. गावातले भले भले तो नेतात, कबूल कोणी करत नाही. दुपारभर त्याने फवारणी केली. संध्याकाळी लुएला आली ती फाटकातच थबकली.

"व्हर्नन! हे एका दिवसात?"

"हरळी आहे बाई. तिच्या मनात आलं की झालं!"

लुएलाचे डोळे भरून आले. तिचं बघून त्यालाही ते खरंच वाटायला लागलं.

तिथेच घात झाला. रविवारी सकाळी कोवळं ऊन त्या हिरवाईवर पडलं आणि व्हर्नन भारावून गेला. हिरवं गवत दिसलं की त्याचा हात आपोआप नळाकडे जाई. स्वतः मारलेला रंग विसरून त्याने गवताला पोटभर पाणी पाजलं. रात्रीच्या दमट हवेत धड न वाळलेला रंग पुन्हा ओला झाला.

ईस्टरच्या आधी पांढरे जोडे घालायचे नाहीत, ही तिथली पक्की रीत. त्यामुळे त्या दिवशी सगळं चर्च कोरे पांढरे जोडे मिरवत आलं. मुली पांढऱ्या झग्यांत, पास्टर पांढऱ्या पँटीत.

"काय हे अंगण!" पास्टर म्हणाले आणि कौतुकाने गवतावर गुडघे टेकून प्रार्थनेला लागले. उठले तेव्हा गुडघे पोपटी झाले होते.

मग पोरं सुटली. झगे हिरवे, कोपर हिरवे, अंडीही हिरवी, त्यामुळे ती सापडेनात. चर्चमधल्या ओडेसामावशी ओरडल्या, "अगं बाई! माझे नवे जोडे!"

"रॉइसच्या गवतावर पुसा!" लुएला घाईघाईने म्हणाली. "ते कोरडं आहे!"

"नको! तिथे नको!" रॉइस हात पसरून धावला. पण ओडेसामावशींना अडवणारा अजून जन्मायचा होता. त्यांनी कुंपण ओलांडून दोन्ही पाय खसाखसा घासले. पोपटी जोड्यांवर आता गडद निळसर हिरवा पट्टा उमटला.

सगळ्यांच्या नजरा रॉइसकडे वळल्या.

"काल रंगाचा दुसरा हात मारला," रॉइस पुटपुटला. "व्हर्ननचं बघून."

"आणि पहिला?" व्हर्ननने विचारलं.

"दर वर्षीच मारतो, लेका."

व्हर्ननला हसावं की रडावं कळेना. त्याने लुएलाकडे बघितलं. ती अंगणाच्या मधोमध गुडघ्यांवर बसली होती. मुलांच्या पायांनी रंग खरवडला होता तिथे ती बोटाने काहीतरी चोळत होती.

"व्हर्नन, इकडे ये."

सुकलेल्या काड्यांतून सुईएवढं कोवळं पातं वर आलं होतं. लुएलाने पुन्हा चोळलं. बोट स्वच्छ राहिलं.

रॉइसने टोपी काढली. पास्टरांनी काढली. हिरव्या पोरांची टोळीसुद्धा श्वास रोखून वाकली. एवढ्या थंडीनंतर, एवढ्या रंगाखालून, कोणी न उठवता हरळी आपली आपण उठली होती.

"माझ्याकडे अजून एकही नाही," रॉइस हळूच म्हणाला.

व्हर्ननचा ऊर भरून आला. डोळे पुसत तो उठला आणि त्याचा हात आपोआप नळाकडे गेला.

"व्हर्नन!" सगळं चर्च एका आवाजात ओरडलं.