सायमनमामा उजेड उतरवतात

सायमनमामा माणसाला आधी काचेतून बघत आणि मग शालोम म्हणत. जिन्यात भेट झाली तरी खिशातून ते पितळी कडं निघायचं. त्यात एकावर एक बसवलेल्या दोन काळपट काचा. कडं एका डोळ्याला लावायचं, हळूहळू फिरवायचं, आणि तुम्ही पुरेसे काळे झालात की समाधानानं म्हणायचं, "हां, आता बरी दिसतेस गो."

मी मूळची नागावच्या उन्हात रापलेली. मला आणखी काळी करून यांना काय मिळतं, ते कळत नसे.

आम्ही इस्राएलात किर्यात मलाखी गावी एकाच सरकारी चाळीत राहायचो. चाळीला इथे हिब्रूत 'शिकून' म्हणतात, पण चाळीतलं सुख तेवढं नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, मामा तिसऱ्यावर. बाहेर वाळू, पांढऱ्या भिंती आणि वर्षातले आठ महिने डोक्यावर सूर्य. मामा मुंबईला दादरच्या एका फिल्म स्टुडिओत कॅमेरामनच्या हाताखाली होते. इथे आल्यावर त्यांना कापडाच्या गिरणीत मशिनींवरचा धागा झटकायचं काम मिळालं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. बोलायचे ते फक्त उजेडाबद्दल.

"हा काय सूर्य आहे?" ते म्हणायचे. "सार्जंट आहे मेला. सगळ्यांवर ओरडतो. कुणाचा चेहरा दिसू देईल तर शप्पत!"

मुंबईहून येताना त्यांनी चावी देऊन चालणारा आठ मिलिमीटरचा कॅमेरा मामीच्या लुगड्यांत गुंडाळून आणला होता. त्या कॅमेऱ्यापुढे लावायला हे कडं त्यांनी इथेच एका रुमानियन लेथवाल्याकडून करून घेतलं. समजावून सांगायची भारी हौस. "नळासारखं आहे बघ. पुढची काच फिरवली की उजेड कमी. आणखी फिरवली, आणखी कमी. भिंगाचं तोंड सताड उघडं ठेवायचं, उजेड मात्र दारावरच अडवायचा. म्हणजे माणूस तेवढा स्पष्ट, आणि मागचा सगळा पसारा लोण्यासारखा विरघळतो."

ऐकायला छान वाटे. पण मामांचा नळ नेहमी जवळजवळ बंदच असे. भर दुपारी काढलेल्या फिल्ममध्ये दिवेलागणीची वेळ झालेली असायची. आणि तरीसुद्धा ते पुटपुटायचे, "अजून उतरत नाही मेला."

एकदा बाजारात ते टोमॅटोच्या ढिगाची फिल्म काढत बसले. गाडीवाल्याला वाटलं, आपला माल रेडिओ-टीव्हीवर जाणार. त्यानं हौसेनं काचेला डोळा लावला आणि किंचाळला, "मा झे! हे काय, माझ्या टोमॅटोंची वांगी केलीस!" मामा शांतपणे म्हणाले, "तुला नाही कळायचं ते." मराठीतच म्हणाले. त्यांना हिब्रू भांडणापुरतीसुद्धा आली नाही.

अश्केलोनच्या किनाऱ्यावर ते तासभर नुसता समुद्र टिपत उभे राहिले तेव्हा पोलिसानं हटकलं. काय बघतोस म्हणून विचारलं. मामांनी कडं त्याच्याच डोळ्याला लावून फिरवलं. पोलीस बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "दोद, तुझं डोकं ठीक आहे ना?" दोद म्हणजे काका. इथे वेड्यालाही प्रेमानं काकाच म्हणतात.

एवढं असूनही आमच्या मराठी लोकांच्या लग्नांत फिल्म काढायला मामाच असायचे, कारण दुसऱ्या कुणाकडे कॅमेरा नव्हता. लोक काळी-काळी फिल्म बघून हसायचे, चहा प्यायचे आणि विसरायचे. माझ्या भावाच्या, आवनेरच्या लग्नात मात्र हसणं संपलं.

मुलगी मोरोक्कोकडच्या घरातली. शुक्रवारची दुपार, हॉलच्या अंगणात खुपा, म्हणजे लग्नाचा मांडव. सगळा मांडव एका चौकटीत यावा म्हणून मामांनी कॅमेऱ्याला रुंद बघणारं भिंग लावलं आणि त्यावर ते कडं. ऊन भाजत होतं. मामा फिरवत गेले, फिरवत गेले. त्या कॅमेऱ्याची बघायची खिडकी वेगळी आणि फिल्मचं भिंग वेगळं, त्यामुळे आत काय उमटतंय ते त्यांना दिसलंच नाही.

फिल्म तेल अवीवहून धुऊन आली. आम्ही दोन्हीकडची माणसं जमवली, सरबत केलं, भिंतीवर चादर लावली. रब्बी उभे राहिले, हातात द्राक्षारसाचा पेला घेतला, आणि त्यांच्या तोंडावर, मांडवभर, एक भला मोठा काळा क्रूस उमटला.

दोन काचा गरजेपेक्षा जास्त फिरवल्या की रुंद भिंगात अशी काळी फुली पडते, हे मामांनी मागाहून सांगितलं. पण तोवर आवनेरची सासू उभी राहून ओरडत होती, "त्स्लाव! माझ्या मुलीच्या खुपावर ख्रिस्त्यांचा क्रूस!" कुणीतरी दिवा लावला. नवरी रडत होती. आवनेर, जो मामांच्या मांडीवर वाढला, हिब्रूत म्हणाला, "दाय. पुरे झालं. याला घरी जाऊ दे."

मामांनी रीळ उतरवलं, प्रोजेक्टर उचलला आणि गेले. त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. लग्नं होत राहिली, एका ग्रीक फोटोवाल्याला बोलावून. मामा गिरणीतून यायचे आणि वर जायचे. जिन्यात भेटले तर हात खिशात जायचा आणि रिकामाच बाहेर यायचा. ते बघवत नसे.

नव्या वर्षाच्या सणाला मी गव्हाच्या चिकाच्या हलव्याची बशी घेऊन वर गेले. एरवी मामा दार फटीएवढं उघडून बशी घेत. रिबकामामी दुखणाईत आहे, एवढंच सगळ्यांना माहीत. काहीजणी म्हणायच्या, गर्विष्ठ आहे. त्या दिवशी आतून आवाज आला, "कोण गो? लिली का? येऊ दे तिला."

मी आत गेले तर काळोख. सगळ्या खिडक्यांचे पडदे खाली, फटींत चिंध्या कोंबलेल्या. हळूहळू मामी दिसली. खाटेवर बसलेली, डोळ्यांवर ओला रुमाल. इथे आल्यावर दोनच वर्षांत डोळ्यांचं दुखणं लागलं होतं. उजेडाची तिरीप आली तरी डोळ्यांत सुया टोचत. डॉक्टरांनी थेंब दिले, मलम दिलं, मग मान हलवली.

ही तीच बाई, मुंबईत कुणाचंही लग्न असो, मेंदीला पहिली आणि पाठवणीला शेवटची. माहेरची सगळी माणसं अलिबागलाच राहिली, आणि आता किती वर्षं तिनं जिना उतरला नव्हता.

"म्हणून हा तुमची लग्नं वर घेऊन येतो," मामी म्हणाली. "मला सोसेल एवढी काळी करून."

समोर भिंतीवर चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केलेली चादर टांगलेली होती. मामा कोपऱ्यात अपराध्यासारखे उभे.

"तुमी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"हिला नको होतं. म्हणते, लोक कीव करायला वर येतील." मग खाली बघून म्हणाले, "आता दाखवायला काही नाही. जुनीच लावतो. हिला पाठ झाली."

"आवनेरचं लग्न मला आवडलं हो," मामी म्हणाली. "ती फुली होती ना, म्हणून रब्बी कुठं उभा आहे ते तरी कळलं."

मला हसू आलं.

पुढं माझ्या धाकट्या बहिणीचं, नाओमीचं लग्न ठरलं. मी म्हटलं, फिल्म मामाच काढतील. नाओमी म्हणाली, "राक लो हू! कुणीही चालेल, तो नको." मी तिला वर नेऊन मामीच्या खाटेवर बसवलं. खाली आल्यावर ती म्हणाली, "त्यांनाच बोलव." लग्नात मामा आले, इस्त्रीचा शर्ट घालून. भर उन्हात ते कडं फिरवत होते, आणि नाओमी त्यांच्यासमोर पुन्हा पुन्हा थांबत होती.

फिल्म धुऊन यायला फार दिवस लागले. हनुक्काच्या, म्हणजे दिव्यांच्या सणाच्या, सुट्टीत एका दुपारी मामांनी मला वर बोलावलं. प्रोजेक्टर खडखडायला लागला. चादरीवर अंधारात अंधार हलत होता. मी लग्नात होते म्हणून मला माणसं ओळखू येत होती. मामा मामीच्या कानाशी बसून सांगत होते, "ही नाओमी आली. पांढरी साडी. हा आवनेर. जाडा झालाय." मामी मान डोलवत होती.

रीळ संपलं. शेपूट फटफट वाजू लागलं आणि चादरीवर उघडा पांढरा उजेड पडला. मी डोळ्यांवर हात घेतला. घाबरून मामीकडे बघितलं.

मामी थेट त्या उजेडाकडे बघत होती. पापणीसुद्धा लवली नाही.

"मग?" ती म्हणाली. "पुढं काय चाललंय?"

मी मामांकडे बघितलं. त्यांनी बटणाला हात लावला नाही. त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत ते म्हणाले, "पुढं ना? जेवणं चालली आहेत. तुझी आई पहिल्या पंगतीला बसली आहे."

"आई आली?"

"आली की. अलिबागहून सगळीच आली आहेत."

मामी पुढं वाकली. "आणि मी? मी कुठं आहे?"

मामा नुसते तिचा हात चोळत राहिले.

मी म्हटलं, "नवरीजवळ आहात ना मामी. हिरवं लुगडं नेसून. किती हसताय."